सहावा उंदीर

सरकारने माझ्या साडूला हेल्मेट दिलं, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. शत्रूच्या विमानांना तेच काम करायला आणखी दोन महिने लागले.

हेल्मेट म्हणजे काही सोन्याचा मुकुट नव्हता. हिरवट रंगाचं, कानाजवळ पोचा आलेलं आणि आतून आधीच्या कुणाच्या तरी तेलकट डोक्याचा वास येणारं. सोबत दंडाला बांधायची पट्टी, एक शिट्टी आणि काचेवर निळा कागद चिकटवलेली बॅटरी. एवढ्या भांडवलावर माझा साडू आमच्या विभागाचा नागरी रक्षक झाला. युद्धाआधी तो बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांची मापं घ्यायचा. मी पडद्यांच्या कारखान्यातर्फे लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायचो. मोठेपणा सांगतोय असं नाही, पण खिडकी पायापेक्षा वरच असते. शिवाय मी पदवीधर, वयाने मोठा आणि थोरल्या बहिणीचा नवरा. सासरी दहा वर्षं ही उतरंड सगळ्यांना मान्य होती. एका लोखंडी भांड्याने ती उलटीपालटी केली.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. युद्ध सुरू झालं आणि त्यांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. भिंतीवर आघाडीचा नकाशा, नकाशात टाचण्या, आणि युद्धखात्याचं प्रत्येक पत्रक तोंडपाठ. रविवारी आम्ही दोघे जावई सहकुटुंब जेवायला गेलो की पहिला घास पोटात जायच्या आत तोंडी परीक्षा सुरू व्हायची.

"धाकट्यांनी या आठवड्यात अकरा घरांचे दिवे पकडले," सासरे सांगायचे. "त्यातला एक तर मोरीतला. मोरीतला! कुणाच्या लक्षात आला असता?"

साडू मान खाली घालून लाजायचा. त्याचं ते लाजणं मला हेल्मेटपेक्षा जास्त खुपायचं.

"आणि थोरले, तुमच्याकडे काय विशेष?"

"पडदे," मी म्हणायचो.

"असं. पडदे." दहापैकी साडेतीन गुण वाचून दाखवताना मुख्याध्यापकांचा जो आवाज लागतो, तो.

खरी गोष्ट अशी होती की आमच्या कारखान्याने आठ महिन्यांत एकही पडदा शिवलेला नव्हता. हवाई खात्याने कारखाना ताब्यात घेतला होता आणि तिथे आता पॅराशूट तयार होत होती. आम्हा सगळ्यांकडून एका कागदावर सह्या घेतल्या होत्या: बाहेर कुणी विचारलं तर पडदेच सांगायचं. बायकोला सांगायचं नाही यासाठी वेगळं कलम होतं. ते कलम लिहिणारा विवाहित असावा.

म्हणजे मी रोज आठ तास आकाशातून पडणारी माणसं वाचवत होतो आणि रविवारी साडेतीन गुण घेत होतो. आणि तो मोरीतले दिवे विझवून पहिला येत होता.

त्यात एकदा संध्याकाळी तो आमच्याच दारात उभा राहिला. "साडूभाऊ, राग मानू नका, पण तुमच्या पडद्यातून उजेड गळतोय." पडद्याला हात लावून त्याने कापड चाचपलं. "तुमच्याच कारखान्याचा ना? शिलाई जरा विरळ आहे. वर सांगून बघा."

मी दात ओठ खाऊन "सांगतो" म्हणालो. तो गेल्यावर मी अर्धा तास खोलीत येरझाऱ्या घातल्या. बायको रेशनच्या साबणाचे समान तुकडे करत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "अहो, इतके जळू नका. तेवढाही उजेड बाहेर दिसला तर ते परत येतील शिट्टी वाजवत."

मी घडी विभागात होतो. तिथे चाळीस फूट लांबीची टेबलं होती, प्रत्येक टेबलावर दोन माणसं. माझ्या चार नंबरच्या टेबलावर दुसऱ्या टोकाला एक मावशी होत्या. युद्धाआधी त्या पडद्यांना झालरी लावायच्या. त्या दोऱ्या सांभाळायच्या, मी कापडाच्या घड्या घालायचो. पॅराशूटचं कापड फार चालू असतं. एक घडी घातली की आधीची निसटते. म्हणून घडी बसेपर्यंत तिच्यावर वजन ठेवायचं. वजन म्हणजे शिशाचे छर्रे भरलेली वीतभर कापडी पिशवी. रंगाने करडी, एका टोकाला बांधायची नाडी लोंबणारी, म्हणून आम्ही त्यांना उंदीर म्हणायचो. प्रत्येक टेबलाला सहा उंदीर. घडी पूर्ण झाली की सहाही उंदीर बाहेर काढायचे, लाकडी तबकातल्या सहा खाचांत ठेवायचे, आणि मगच पिशवीचं तोंड शिवून सील करायचं. सील करण्याआधी मावशी त्यांच्या टोकावरून ओरडायच्या, "सहा?" मी तबकाकडे बघून ओरडायचो, "सहा!" मगच सुई उचलायची. दिवसभर आमच्या दालनात प्रत्येक टेबलावरून हेच सवाल-जवाब चालायचे. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याला आमच्या गणिताची काळजी वाटली असती.

हवाई खात्याच्या तपासनीस बाई पहिल्याच दिवशी आमच्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. बुटक्या, करड्या केसांच्या, घसा कायम बसलेला. एक उंदीर हातात घेऊन त्यांनी उभ्याउभ्याच खाली टाकला. फरशीवर जो आवाज झाला तो मला अजून आठवतो. "हा आत राहिला," त्या म्हणाल्या, "तर वर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर हा दोऱ्यांत गुंततो आणि छत्री उघडत नाही. नाहीतर छत्री उघडते आणि हा त्या मुलाच्या डोक्यात बसतो. दोन्ही वेळा मला त्याच्या घरी पत्र लिहावं लागतं. माझं अक्षर चांगलं नाही." एवढंच भाषण. त्यानंतर कुणी उंदीर मोजायला विसरलं नव्हतं.

शरद ऋतू संपता संपता खात्याचं पत्र आलं. जनतेचं मनोधैर्य वाढवण्यासाठी कारखान्याचं गुपित आता जाहीर करायचं ठरलं होतं. शत्रूला ते बहुधा सुरुवातीपासून माहीत असावं. राहिले होते ते आमचे नातेवाईक. त्यासाठी समारंभ होणार होता. खात्याचे मोठे साहेब येणार, कामगारांच्या घरच्यांना आमंत्रण, आणि एकही दोष न निघता हजार पॅराशूट पूर्ण करणाऱ्या टेबलाला पितळी पाटी. असं टेबल सगळ्या कारखान्यात एकच होतं. नंबर चार.

पुढचे पंधरा दिवस मी जमिनीवर नव्हतोच. रात्रंदिवस एकच चित्र डोळ्यांपुढे: साहेब जाहीर करतायत, सासरे सावरून बसतायत, आणि त्यांच्या शेजारी साडूचा चेहरा. पाटीचं मला एवढं नव्हतं. मला तो चेहरा हवा होता. तो कसा पडेल, आधी भुवया की आधी ओठ, याचा मी इतका अभ्यास केला होता की घडीशास्त्राचासुद्धा तेवढा केला नव्हता.

समारंभाच्या आदल्या दिवशी पावणेपाच वाजता आम्ही दिवसाची शेवटची घडी घालत होतो. तेवढ्यात अंगणातून शिट्टी ऐकू आली. कारखान्याच्या बाहेरच्या खिडक्यांना काळा रंग नीट बसलाय की नाही हे बघायला नागरी रक्षक आला होता. आमच्या दालनाचं दार हवेसाठी हातभर उघडं होतं. त्या फटीतून मला शिडी दिसली. शिडीवर हेल्मेट. आणि शिडी कोणी धरली होती? आमच्या व्यवस्थापकांनी! दोन्ही हातांनी, मान वर करून, "सांभाळून हं, साहेब" असं म्हणत. या माणसाने बारा वर्षांत माझ्यासाठी कधी दारसुद्धा धरलं नव्हतं. उलट एकदा माझ्या तोंडावर सोडलं होतं.

साडू वरून बोटाने काच खरवडत म्हणत होता, "इथे एक हात अजून लागेल." आणि व्यवस्थापक म्हणत होते, "लावून टाकू ना, तुम्ही म्हणाल तसं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सहा?" मावशी ओरडल्या.

"सहा!" मी म्हणालो. माझी मान दाराकडे होती.

मावशींनी सुई उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी टेबल पुसायला घेतलं. पाहुण्यांना दाखवायचं म्हणून ते चकचकीत हवं होतं. तबकावरचा कपडा उचलला. पाच उंदीर. सहावी खाच रिकामी.

मी टेबलाखाली पाहिलं. केराच्या डब्यात हात घातला. स्वतःचे खिसे उलटे केले. मग मांजराने नेला असेल इथपर्यंत विचार करून झाला. कारखान्यात मांजर नव्हतं. माणूस सरळ उत्तर टाळण्यासाठी किती रस्ते शोधू शकतो हे त्या दहा मिनिटांत मला कळलं. सरळ उत्तर फाटकापाशी उभ्या असलेल्या ट्रकमध्ये होतं. कालचा माल रातोरात त्यात चढला होता. अकरा वाजता साहेब हिरवा झेंडा दाखवणार आणि ट्रक निघणार, असं छापील कार्यक्रमपत्रिकेत होतं.

म्हणजे दोन तास होते. तपासनीस बाई वीस पावलांवर होत्या. खुर्च्या मोजत होत्या. त्यांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य मी नऊ वाजता बोललो असतो तर दहा वाजता टेबल चारचं नाव कुणी घेतलं नसतं. मी स्वतःशी हिशेब केला: दहा वाजता कार्यक्रम, साडेदहाला नाव जाहीर, मग लगेच बाईंना सांगायचं, अकराला ट्रक. अर्धा तास हाताशी. देशाचंही काम होतं आणि माझंही.

दहा वाजता सगळं माझ्या मनासारखं होत गेलं. सासरे पहिल्या रांगेत, त्यांच्या एका बाजूला माझी बायको आणि मेहुणी, दुसऱ्या बाजूला साडू, हेल्मेट मांडीवर. साहेबांनी भाषणात सांगितलं, की या दालनात पडदे नव्हे तर पॅराशूट बनतात. लोकांत कुजबुज उठली. मग म्हणाले, "टेबल क्रमांक चार. एक हजार. दोष शून्य." आणि माझ्याकडे हात केला.

सासरे उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस मी दारात आल्यावर दहा वर्षांत कधी उठला नव्हता. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि साडूचा चेहरा पडला.

आधी भुवया. तोंड थोडं उघडं राहिलं. मग त्याने मांडीवरचं हेल्मेट हळूच खुर्चीखाली सरकवलं.

खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं. आयुष्यात इतकं बरं मला फक्त एकदा वाटलं होतं, अक्कलदाढ काढली तेव्हा.

मी मंचावर गेलो. पाटी घेतली. साहेबांशी हात मिळवला. मग खाली उतरून तपासनीस बाईंकडे निघालो, तोच फाटकापाशी इंजिनाचा आवाज आला. साहेबांना साडेअकराला बिस्किटांच्या कारखान्यात तसंच भाषण करायचं होतं, म्हणून त्यांनी भाषण आवरतं घेऊन मंचावरूनच झेंडा हलवला होता. ट्रक गेला. पाठोपाठ साहेबांची मोटार.

मी बाईंना सांगितलं. सगळं. उंदीर, शिडी, मान. नऊ वाजता कळलं होतं हेसुद्धा.

बाई तडक वळल्या. ऑफिसात जाऊन त्यांनी फोन लावला. लाइन लागेना. पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "पुलाच्या अलीकडे गाडी आपली. पूल ओलांडला की ती छावणीची. छावणी माल परत सोडायला तीन दिवस लावते आणि वाटप मात्र आजच दुपारी करते. परत मागवायचा हुकूम मी टाइप करते. तोवर गाडी पुलाच्या अलीकडे ठेवा." 

"कशी?"

"ते तुम्ही नऊ वाजता विचारायला हवं होतं."

मी बाहेर धावलो. रस्त्यावर मोटार नाही, घोडा नाही. फाटकाला टेकून एकच सायकल उभी होती आणि तिचा मालक तिचं कुलूप काढत होता. अर्थात साडू.

"अभिनंदन, साडूभाऊ," तो म्हणाला. त्याने हात पुढे केला. "मला माहीतच नव्हतं हो. मी तुम्हाला शिलाईबद्दल बोललो होतो..."

"ती गाडी थांबवायचीय. पुलाआधी."

"का?"

"एका पॅराशूटमध्ये वजन राहिलंय. उघडणार नाही ते. माझी चूक आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पाटीकडे पाहिलं. दुसरा प्रश्न विचारला नाही. हेल्मेट डोक्यावर घातलं. "बसा मागे."

मी कॅरिअरवर बसलो. हजार पॅराशूटचा मानकरी, हातात पितळी पाटी, साडूच्या सायकलवर. रस्त्यात आमंत्रण मिळालेली मंडळी घरी परतत होती. त्यांनी मला हात केले.

"साडूभाऊ, पाटी पाठीत टोचतेय."

"माफ करा."

"मुख्य रस्ता खंदकांसाठी खणलाय. गाडीला वळसा पडेल. आपण लाँड्रीच्या बोळातून जाऊ. चढ आहे, उतरा आणि ढकला."

मी उतरलो, ढकललं. धापा टाकत म्हणालो, "हे आपल्यातच राहू दे हं."

"काय?"

"हे! आपल्यातच!"

"बरं," तो म्हणाला.

पूल एकाच गाडीपुरता अरुंद होता, त्यामुळे अलीकडे रांग लागली होती. आमचा ट्रक पुढून दुसरा. त्याच्यामागे साहेबांची मोटार. पुलावरच्या शिपायाला साडूने गाडी थांबवायला सांगितलं. शिपाई वीस-बावीस वर्षांचा होता आणि त्याला नियम माहीत होते, ही मोठीच अडचण. 

"गाडीवर लष्कराचा शिक्का आहे. तुम्ही नागरी. तुम्हाला अधिकार नाही."

"आत एक खराब माल आहे."

"तसा कागद दाखवा."

"कागद येतोय मागून."

"मग आल्यावर थांबवू." आणि त्याने पुढच्या गाडीला हात केला. ती पुलावर चढली. आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरने गिअर टाकला.

साडूने गळ्यातली शिट्टी हातात घेतली. मग रस्त्याच्या मधोमध गेला आणि तीन लांब शिट्ट्या मारल्या. 

"हवाई हल्ल्याचा सराव! गाड्या बंद! सगळे खाली!"

सरावाचा नियम पत्रकातच होता: शिट्टी झाली की असेल तिथे पालथं पडायचं, लष्कर असो की नागरी, आणि ज्याने शिट्टी मारली त्याने सुटका केल्याशिवाय उठायचं नाही. शिपाई नियमांचा माणूस. सगळ्यांत आधी तोच पडला. मग ट्रकचा ड्रायव्हर. मग मोटारीचा दरवाजा उघडला आणि नव्या कोऱ्या सुटातले साहेब रस्त्याकडेच्या चरात उतरले. तिथे जरा चिखल होता. ते नेमके माझ्या शेजारी पालथे पडले.

थोड्या वेळाने त्यांनी मान वळवली. "तुम्ही टेबल चार ना?"

"हो, साहेब."

"इथे काय करताय?"

"सराव, साहेब."

बावीस मिनिटं आम्ही तसेच पडून होतो. साडू रस्त्याच्या मधोमध एकटा उभा होता, घड्याळाकडे बघत, कारखान्याच्या दिशेने बघत.  शेवटी तपासनीस बाई माल पोचवून नुकत्याच परतलेल्या कारखान्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आल्या, हातात कागद. साडूने सुटकेची शिट्टी दिली.

ट्रक परत आला. आमची शेवटची पिशवी टेबल चारवर ठेवली. बाईंनी स्वतः सील तोडलं, मावशींनी आणि मी कापड पसरलं. नवव्या घडीत तो होता. करडा, नाडी बाहेर आलेली. बाईंनी तो उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्याचं वजन मला कधी इतकं वाटलं नव्हतं.

मावशी एवढंच म्हणाल्या, "मी विचारलं होतं."

आता सरकारी न्याय ऐका. दोष मोजायचा तो छावणीत माल पोचल्यावर निघालेला. ट्रक पुलाच्या अलीकडे थांबला, म्हणजे माल कारखान्याच्याच ताब्यात. म्हणजे दोष निघालाच नाही. टेबल चारचा आकडा शून्यच राहिला. बाईंनी मला घडी विभागातून काढून इस्त्रीवर टाकलं, ते त्यांच्या अधिकारात होतं. पाटीबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या, "ठेवा. ती परत घ्यायला मला आठ अर्ज लिहावे लागतील. आणि माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे."

साडूची मात्र चौकशी झाली. ती नागरी संरक्षण खात्याची, आमच्या बाई हवाई खात्याच्या; या खात्याने त्या खात्याला काही विचारलं नाही. परवानगी न घेता सराव, वाहतुकीला बावीस मिनिटांचा खोळंबा, आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा सूट. कारण विचारलं. तो म्हणाला, "सरावाची गरज वाटली." हेल्मेट, पट्टी, शिट्टी, बॅटरी, सगळं सहा महिन्यांसाठी जमा झालं. आमच्या विभागात त्याच्या जागी एक किराणावाला आला, ज्याला कुठलाच दिवा दिसत नाही, स्वतःचा सोडून.

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. एका फटक्यात.

पुढच्या रविवारी सासरे साडूला आणि मेहुणीला घेऊन प्रथमच आमच्या घरी जेवायला आले, पाटी बघायला. ती भिंतीवर लावायची होती. मला खिळा ठोकता येत नाही. पदवीधरांचं तसंच असतं. बायको म्हणाली, "त्यांना सांगा ना, त्यांचा हात चांगला आहे." आणि साडू स्टुलावर चढला. दोन खिळे दातांत धरले, हातोडी घेतली आणि माझी पाटी लावायला भिंत ठोकू लागला.

सासरे खालून बोलत होते. "धाकटे, वाईट वाटून घेऊ नका, पण अधिकार डोक्यात गेला की असं होतं. थोरल्यांकडे बघा. आठ महिने तोंडातून शब्द नाही. याला म्हणतात शिस्त."

"हो, बाबा," साडू खिळ्यांमधून म्हणाला. ठक. 

"साहेबांना चिखलात झोपवलंत. खुद्द खात्याच्या साहेबांना!"

"हो, बाबा." ठक. ठक.

मेहुणी खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे पडलेले खांदे तेवढे दिसत होते. तिलाही त्याने सांगितलेलं नव्हतं, हे मला त्या खांद्यांवरून कळलं. आणि मी खुर्चीत बसून वाट बघत होतो, की आता हा सांगेल. आता सांगेल. निदान एक तिरका शब्द तरी टाकेल. माणूस आहे शेवटी.

त्याने डोकं मागे करून खिळा सरळ आहे का ते पाहिलं, आणि म्हणाला, "साडूभाऊ, जरा डावीकडे घेऊ का? उजेड बरा पडेल पाटीवर."

लोक नंतर म्हणाले की माझा विवेक जागा झाला. विवेकाचा इथे काही संबंध नव्हता. माझी बुद्धी, माझं वय, माझी पदवी, सगळ्यांत मी त्याच्या वर होतो. आणि त्या स्टुलावर, तोंडात खिळे धरून, तो माझ्यापेक्षा इतका वर उभा होता की मला ते एक मिनिटही सहन झालं नाही. हेल्मेट मी सहन केलं असतं. हे नाही.

"सराव माझ्यासाठी केला त्यांनी," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. उंदीर, शिडी, नऊ वाजता, साडेदहा वाजता, सायकल. चेहऱ्याचं तेवढं गाळलं. मग तेही सांगितलं.

 बायको माझ्याकडे बघत होती, बाजारात ओळखीचा माणूस दिसावा आणि नाव आठवू नये तशी. मेहुणी वळली होती. 

"धाकटे," सासरे शेवटी म्हणाले, "हे खरं?"

साडूने तोंडातला उरलेला खिळा काढला. "हो."

"मग चौकशीत का बोलला नाहीत?"

"शब्द दिला होता यांना."

"आणि यांनी कधीच सांगितलं नसतं तर?"

साडूने यावर विचार केला. खरंच केला, तसा तो कधी प्रश्न उडवून लावत नाही. "सांगितलं असतं की," तो म्हणाला. "थोरले आहेत ते."

म्हणजे तिथेही पहिला तोच.

सासऱ्यांनी कागद मागवला. बायकोने टेबलावर दौत आणि टाक आणून ठेवला आणि माझ्यापुढे सरकवला. सासरे उभ्याउभ्याच सांगू लागले, वर्गात सांगायचे तसे, विरामचिन्हांसकट. नागरी संरक्षण खात्यास विनंतीअर्ज, स्वल्पविराम, हेल्मेट व इतर साहित्य परत मिळणेबाबत, पूर्णविराम. माझे साडू हे एक प्रामाणिक—

"प्रामाणिक झालं," मी म्हणालो.

"प्रामाणिक, प्रसंगावधानी," सासरे पुढे म्हणाले, "आणि अत्यंत धाडसी गृहस्थ असून."

"अत्यंत हवंच का?"

"हवंच."

मी लिहिलं. खात्याला अर्ज तीन प्रतींत लागतो, त्यामुळे तीनदा लिहिलं.